सुलभाला विचारता, सुभाषला का नाही?

'उंबरठा'वर बोलणं निघालं की दोन मतं ठरलेली असतात. एक मत म्हणतं, सुलभा महाजन काळाच्या पुढची बाई, तिला सलाम. दुसरं म्हणतं, ते सगळं खरं, पण आई म्हणून ती चुकलीच. एवढीशी पोर टाकून कुणी जातं का? मला दोन्ही मतं मान्य नाहीत. पहिल्यात पोरगी गायब आहे आणि दुसऱ्यात बाप.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जब्बार पटेलांचा हा १९८२चा सिनेमा शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर आहे, पटकथा विजय तेंडुलकरांची. सुलभा (स्मिता पाटील) शिकलेली आहे, तिला घराबाहेर काहीतरी करायचंय. संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षिकेची नोकरी मिळते. नवरा सुभाष (गिरीश कर्नाड) वकील, सासू स्वतः समाजकार्यात, तरी घरातून विरोध. जाऊ म्हणते, राणीला मी सांभाळते. सुलभा जाते, आश्रमातल्या बायकांसाठी व्यवस्थेशी भांडते, हरते आणि परत येते. तोवर लेक परकी झालेली असते, आणि सुभाषच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा पुन्हा उंबरठा ओलांडते.

आता नीट बघा. राणी कुठेही गेली नव्हती. घर तेच, माणसं तीच, बाप त्याच छताखाली. तरी 'पोर टाकली' हा आरोप फक्त सुलभावर. बाप घरात असताना मुलगी काकूच्या हाताखाली वाढली, याचा हिशेब सुभाषकडे कुणी मागत नाही. आई बाहेर पडली की त्याला 'सोडून जाणं' म्हणायचं, आणि बाप घरात असून नसला तर त्याला शब्दच नाही!

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एक सर्व्हर बंद पडल्यावर अख्खी सिस्टीम झोपत असेल, तर आम्ही त्या सर्व्हरला शिव्या देत नाही. ज्यानं सगळा भार एकाच ठिकाणी टाकला, त्याचं डिझाइन चुकलं असं म्हणतो. मूल वाढवण्याचं आपलं डिझाइन तसंच आहे. सगळा भार आईवर, आणि बिघाड झाला की दोषही तिचाच.

हा विषय खानदेशातल्या माणसाला जास्त जवळचा वाटायला हवा. स्मिता पाटील धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या घराण्यातली. वडील शिवाजीराव राजकारणात, आई विद्याताई समाजकार्यात. दुसरीकडे, जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्यावरच्या अत्र्यांच्या सिनेमाला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णपदक मिळालं. श्यामच्या आईशी माझं भांडण नाही. पण पुढे तिची फूटपट्टी झाली आणि प्रत्येक बाई तिनं मोजली गेली. जी आई घरात, मुलाजवळ, झिजत राहते ती खरी. बाकीच्यांनी खुलासे द्यायचे.

या फूटपट्टीनं आपल्याच गावच्या बायका मोजून बघा. चाळीसगाव भागातल्या तांड्यांवरून ऊसतोडीला, साक्री-शिरपूरकडून गुजरातच्या शेतांवर माणसं जातात. दिवाळीनंतर गेलेली माय उन्हाळ्यात परतते. काही मुलं सोबत जातात, काही आजीकडे, काकूकडे, मामाकडे राहतात. त्यातली आंडेर असेल तर ती धाकट्या भावंडांची आईच होते. सुलभा निदान स्वतःच्या इच्छेनं गेली होती. या बायकांना घरी बसायची सोयच नाही. त्यांनाही 'पोर टाकली' म्हणणार का?

यावर उत्तर येतं: पण मुलीला त्रास होतोच ना? होतो. आई परत आल्यावर तिला बिलगावं की नाही हे लेकीला कळू नये, यासारखं वाईट काही नाही. सुलभाला सलाम ठोकणारे हे दुःख सरळ गिळून टाकतात, म्हणून त्यांच्यावरही माझा राग आहे. फक्त या त्रासाचं कारण आईचं जाणं एवढंच नाही. ज्या घरात वकील आहे आणि समाजसेविका आहे, त्या घरात एका लहान मुलीच्या ताटातुटीची तयारी कुणी केली नाही. आई कधी भेटेल, पोरीला काय सांगायचं, परत आल्यावर नातं कसं जोडायचं, काहीच ठरलं नाही. जावेनं माया दिली, तिला खलनायिका करू नका. तिच्या कष्टालाही कुणी मोजलं नाही.

गंमत म्हणजे आपला कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा समजूतदार आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या ४४व्या कलमात फॉस्टर केअर आहे, म्हणजे मूल दत्तक न देता काही काळ दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं. त्यात भावंडांना शक्यतो एकत्र ठेवायला सांगितलंय. मुलाच्या हिताविरुद्ध नसेल तर आईवडिलांना ठरावीक काळानं भेटू द्यायची सोय आहे. ते सांभाळायला योग्य आहेत असं बालकल्याण समितीला वाटलं, तर मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकतं. राणीसारखी नातेवाइकांत वाढलेली मुलगी या कलमात बसणार नाही, हे मान्य. पण त्यामागचा विचार घ्या: मूल दुसऱ्याकडे राहिलं म्हणून आई संपत नाही.

आणि सरकारला पूर्ण मार्क देऊ नका. राज्याच्या बालसंगोपन योजनेत, अनाथ किंवा एकल पालकाचं मूल संस्थेत न जाता घरात वाढावं म्हणून महिन्याला २२५० रुपये मिळतात. वह्या, दवाखाना, दूध, बसभाडं, कपडे यांची बेरीज तुम्हीच करा. नात सांभाळणाऱ्या म्हातारीला त्यासाठी कागद गोळा करायचेत, साहेबांच्या टेबलापुढे उभं राहायचंय, आणि वर लोकांचं ऐकायचंय की हिची सून कशी निघून गेली.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'आई म्हणून ती चुकलीच' म्हणालं, तर त्याला तीन प्रश्न विचारा. बाप काय करत होता? मूल ज्यांनी सांभाळलं त्यांना कुणी काय दिलं? आणि आईला परत येता यावं म्हणून दार कुणी उघडं ठेवलं होतं?

आपल्याकडे आखाजीला लेक सासरहून माहेरी येते. तेव्हा दारात उभी करून 'तू गेलीसच का' असं तिला कुणी विचारत नाही. आधी पाणी देतात. कामासाठी बाहेर पडलेली माय घरी आली, तर तिलाही आधी पाणी द्या.