एका पराभवाची किंमत

शालेय कबड्डीचा मार्ग ठरलेला असतो : तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य. सप्तशृंगी गडाच्या पायथ्याशी वसलेल्या वणीतील शाळेच्या संघाला त्याची पहिली पायरी दिंडोरी तालुक्याच्या स्पर्धेत चढावी लागते. या स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात. एक सामना हरला की वर्षभराचा सराव संपला. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुण आणि शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के आरक्षण पुढील टप्प्यांवरील कामगिरीशी जोडलेले असल्याने हा प्रश्न केवळ खेळापुरता उरत नाही.

आयोजकांची अडचणही समजण्यासारखी आहे. १६ संघ असतील, तर बाद पद्धतीत १५ सामन्यांत विजेता ठरतो. मात्र आठ संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी परततात. प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घालायची, तर १२० सामने खेळवावे लागतात. मधला मार्ग गटवारीचा. चार संघांचे चार गट केले, तर साखळीचे २४ आणि गटविजेत्यांचे बाद फेरीतील तीन, अशा २७ सामन्यांत स्पर्धा आटोपते. प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात.

अर्थात, गटवारीही निर्दोष नाही. २००७ च्या क्रिकेट विश्वचषकात चार संघांच्या गटात बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरलेला भारत तीन सामन्यांतच परतला. २०११ मध्ये सात संघांचे दोन गट होते. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेकडून पराभव आणि इंग्लंडशी बरोबरी होऊनही भारताला सावरता आले आणि वानखेडेवर विश्वचषक उंचावता आला. गटातील शेवटच्या सामन्यात संगनमताचा धोकाही असतो. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात पश्चिम जर्मनीच्या १-० अशा विजयाने तो संघ आणि ऑस्ट्रिया दोघेही पुढे गेले. आदल्या दिवशीच आपले सामने संपवलेला अल्जीरिया बाहेर पडला. त्यानंतर गटातील अखेरचे सामने एकाच वेळी खेळवण्याचा नियम आला.

तालुका पातळीवर हे अशक्य नाही. कबड्डीला मैदान लहान लागते आणि वेळही कमी; दोन मैदाने आणि दोन दिवस मिळाले, तर २७ सामने आवाक्यात येतात. वरच्या टप्प्यांवर बाद पद्धतीची कसोटी जरूर असावी. पण जिथे खेळाडू घडायचा, तिथे त्याला पहिल्या चुकीनंतर सावरण्याची एक संधी मिळायला हवी. विश्वविजेत्यांनाही ती लागली होती.