कापड पाणी पितं का?

साडीच्या दुकानात गादीवर बसलं की आपले प्रश्न ठरलेले असतात. रंग जाईल का? आटेल का? फॉल-पिकोसकट कितीला पडेल? दुकानदारही पाठ केल्यासारखी उत्तरं देतो. पण एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही, आणि खरं म्हणजे बाकीच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्या एकातच दडलेली असतात. हे कापड पाणी पितं का?

हसू नका हं. प्रत्येक धागा हवेतला ओलावा थोडाफार शोषून घेतो. साधारण हवेत 100 ग्रॅम कोरड्या सुतात सुमारे 8 ग्रॅम पाणी मुरतं. लोकरीत त्याच्या जवळजवळ दुप्पट. नायलॉनमध्ये 4 ग्रॅम. आणि पॉलिएस्टरमध्ये? अर्धा ग्रॅमसुद्धा नाही!

हे एक लक्षात ठेवलं की घरातली किती तरी कोडी उलगडतात. पॉलिएस्टरची साडी भर पावसाळ्यात दोन तासांत वाळते, कारण धाग्यानं पाणी प्यायलेलंच नसतं. ती चुरगळत नाही त्याचंही कारण हेच. सुती धाग्यात ओलावा शिरला की आतले दुवे सुटतात आणि वाळताना चुरगळलेल्या स्थितीतच पुन्हा जुळतात. पॉलिएस्टरमध्ये पाणीच शिरत नाही. पण मग घामही शिरत नाही. म्हणून वैशाखात तो ब्लाउज पाठीला चिकटतो. थंडीत अंगातून काढताना चटचट आवाज येतो, कारण वीज वाहून न्यायला धाग्यात ओलावा नसतो. आणि जुन्या नायलॉनच्या साडीचं पायपुसणं केलं तर ते पाणी नुसतं इकडून तिकडे सरकवतं!

म्हणजे गुण आणि दोष वेगवेगळे नाहीत. एकाच स्वभावाच्या या दोन बाजू आहेत.

हा स्वभाव आला कुठून? गजरा ओवताना आपण कळीला कळी जोडत जातो, तसे लहान लहान रेणू एकापुढे एक ओवले की लांबलचक साखळी तयार होते. तिला पॉलिमर म्हणतात. कापूस आणि रेशीमही निसर्गानं ओवलेले गजरेच. तसा गजरा प्रयोगशाळेत ओवण्याचं काम अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्स हा रसायनशास्त्रज्ञ करत होता. 1930 साली त्याचा सहकारी ज्युलियन हिल याला दिसलं, की भांड्यातल्या चिकट पदार्थातून काढलेली तार थंड झाल्यावर ओढली तर तुटत नाही, उलट लांबते आणि अधिक चिवट होते. ओढल्यामुळे आतल्या साखळ्या एका दिशेनं सरळ होतात. आजही बहुतेक कृत्रिम धागे असे ओढूनच बळकट करतात.

पण हिलचा तो धागा गरम पाण्यात टिकेना. धुतल्यावर विरघळणारं कापड कोण घेणार? म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला आणि वेगळ्या रसायनांकडे वळले. त्यातून 1935 साली नायलॉन आलं आणि 1940 साली नायलॉनचे पायमोजे अमेरिकेत दुकानोदुकानी विकायला आले. कॅरोथर्स मात्र ते पाहायला नव्हता. 1937 सालीच तो गेला. बाजूला ठेवलेलं काम इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी पुन्हा हाती घेतलं. 1941 साली त्यांनी साखळीत अधिक ताठर कडी गुंफली आणि धाग्याचा वितळण्याचा बिंदू थेट 260 अंश सेल्सियसच्या आसपास गेला. तेच आपलं टेरिलीन, म्हणजेच पॉलिएस्टर.

आपल्याकडे 1960 च्या दशकात ते ‘टेरीन’ नावानं घराघरांत आलं आणि सुतात मिसळून ‘टेरिकॉट’ झालं. 1982 साली रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाला. आज कोणी ‘सिंथेटिक’ म्हणून नाक मुरडतं. पण आपल्या आजीच्या पिढीला विचारा. रोज नऊवारी पिळायची, खळ करायची, कडक इस्त्रीसाठी धोब्याकडे द्यायची. नोकरीला निघालेल्या बाईची ती तासाभराची मेहनत या धाग्यानं वाचवली. तो वाचलेला वेळ काही थोडाथोडका नाही.

मग पाणी न पिण्याचा दोष घालवायचा कसा? शास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षं याच मागे आहेत, आणि त्यांची युक्ती तुमच्या-माझ्या ओळखीची आहे. पॉलिएस्टरचा धागा शेवेसारखाच पाडतात. वितळलेला लगदा बारीक भोकांच्या चकतीतून दाबून काढायचा. सोऱ्याची चकती बदलली की त्याच पिठाची शेव होते नाहीतर चकली, अगदी तसंच! तीन पाकळ्यांचं भोक ठेवलं की धागा रेशमासारखा चमकतो. पोकळ धागा काढला की उशांना हलकी ऊब मिळते. कडेनं पन्हळी असलेला धागा काढला की घाम त्या पन्हळींतून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि वाळतो. मुलांचे खेळाचे शर्ट असे असतात. आणि धागा केसाहून कितीतरी बारीक केला की होतं ‘मायक्रोफायबर’. 1970 साली जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी अशाच अतिबारीक धाग्यांपासून हुबेहूब मऊ कातड्यासारखं कापड केलं. ओटा पुसायचं मायक्रोफायबरचं फडकं पाणी टिपतं ते याच कारणानं. धागा पाणी पीत नाहीच, पण धाग्यांमधल्या असंख्य फटी ते धरून ठेवतात.

आता जरा गंभीर होऊ या. हे नीट वाचा आणि घरातल्या मुलींना, सुनांना, कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगा.

सुती कापड जळतं तेव्हा त्याची राख होते. नायलॉन आणि पॉलिएस्टर आधी वितळतं आणि तो तापलेला रस अंगाला चिकटतो. चटका खोलवर जातो. म्हणून गॅसपाशी झुळझुळीत जॉर्जेट नको, हे आपल्याला ऐकून माहीत असतं. पण पुष्कळजणी म्हणतात, “माझा गाऊन मिक्स कापडाचा आहे, त्यात सूत आहे ना!” मैत्रिणींनो, इथेच फसगत होते. निव्वळ पॉलिएस्टर पुष्कळदा ज्योतीपासून आकसून दूर जातं, गळून पडतं. मिश्र कापडात मात्र जळलेलं सूत सांगाडा बनून उभं राहतं आणि वितळलेलं पॉलिएस्टर त्यात मुरत राहतं. सूत होतं वात आणि पॉलिएस्टर होतं तेल. समई कशी तेवते, तसंच! आणि सुती कापडही सैल, पातळ असेल तर भुर्रकन पेट घेतंच. म्हणून स्वयंपाक करताना घट्टसर, जाड सुती कपडे घाला, पदर किंवा ओढणी खोचून घ्या, वर जाड सुती एप्रन बांधा. दिवाळीत फटाके उडवणाऱ्या मुलींना नेटचे फुगीर फ्रॉक नकोत.

तरीही दुर्दैवानं कपड्यांनी पेट घेतलाच तर धावू नका. वाऱ्यानं आग भडकते. जमिनीवर आडवं होऊन लोळा. दुसरं कोणी असेल तर त्यानं जाड सतरंजी किंवा घोंगडी टाकावी, पॉलिएस्टरचं ब्लँकेट नव्हे. भाजलेल्या भागावर नळाचं साधं वाहतं पाणी 20 मिनिटं सोडा. चिकटलेलं कापड ओढून काढू नका. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही लावू नका. स्वच्छ सुती कापडानं झाकून दवाखाना गाठा.

सगळेच कृत्रिम धागे वितळतात असं मात्र नाही. पडदे-गाद्यांसाठी पॉलिएस्टरच्या साखळीतच फॉस्फरसचं संयुग गुंफून सहज पेट न घेणारं कापड करतात. आणि वितळतच नाही असा एक धागा एका बाईच्या हातून आला आहे. स्टेफनी क्वोलेक हिला लहानपणी आईमुळे शिवणकामाचा नाद होता. कपड्यांची नक्षीकार व्हावं असं तिला वाटे, पण ती झाली ड्यूपाँमध्ये रसायनशास्त्रज्ञ. 1965 साली तिच्या भांड्यात एक द्रावण तयार झालं ते ताकासारखं पातळ आणि गढूळ. नेहमीचं द्रावण पाकासारखं दाट असतं. यंत्र चालवणारा माणूस म्हणाला, यानं माझ्या चकतीची भोकं बुजतील. दुसऱ्या कोणी ते मोरीत ओतून दिलं असतं. तिनं हट्ट धरून त्याचा धागा काढायला लावला. तो धागा म्हणजे केव्हलार. वजनाला वजन धरलं तर पोलादापेक्षा पाचपट बळकट. आज पोलिसांची आणि जवानांची गोळीरोधक जाकिटं त्याची असतात.

आता रोजच्या उपयोगाच्या चार गोष्टी.

कापड ओळखायचं कसं? आतल्या शिवणीतून दोन धागे काढा, चिमट्यात धरा आणि मोरीपाशी, जवळ पाणी ठेवून, पेटवा. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख असेल तर सूत किंवा रेयॉन. केस जळल्याचा वास आला तर रेशीम किंवा लोकर. आकसून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. मणीही झाला आणि राखही उरली तर मिश्रण समजा. रेयॉन मात्र सिंथेटिकमध्ये धरू नका. ते लाकडाच्या लगद्याचं असतं आणि सुतापेक्षाही जास्त पाणी पितं.

धुणं: पॉलिएस्टर कडकडीत पाण्यात घालून पिळू नका. साधारण 70–80 अंशांना ते नरम पडतं आणि पिळ्याच्या सुरकुत्या पक्क्या बसतात. कोमट किंवा गार पाणी घ्या, न पिळता निथळत टाका. नायलॉनला ब्लीच लावू नका, पिवळं पडतं.

डाग: पाण्याशी वैर असलेल्या या धाग्याची तेलाशी मात्र गट्टी असते. फोडणीचा डाग पडला की लगेच भांडी घासायचं लिक्विड थेंबभर चोळा आणि मग धुवा. हळदीचा डाग राहिलाच तर कपडा धुऊन उन्हात टाका. उन्हानं हळद फिकी पडते.

इस्त्री: लेबलावरच्या इस्त्रीच्या चित्रातली टिंबं पाहा. एक म्हणजे मंद, दोन मध्यम, तीन कडक. नायलॉन आणि कॅशमिलॉनला एक, पॉलिएस्टरला फार तर दोन. मिश्र कापडाला त्यातल्या नाजूक धाग्याचा नियम.

आणि एक गोष्ट आपल्या नळाखालची. प्रत्येक धुण्यात सिंथेटिक कापडाचे अतिबारीक तुकडे पाण्याबरोबर वाहून जातात. ते कुजत नाहीत, नदी-समुद्रात पोचतात. पाण्याच्या बाटल्या वितळवून केलेलं कापडही यातून सुटत नाही. बाटलीही पॉलिएस्टरचीच ना! मशीन भरेल इतके कपडे साठवून, गार पाण्यात, गरजेपुरतंच धुतलं तर हे प्रमाण कमी होतं. आणि चार वेळा नेसून टाकायच्या स्वस्त साड्या डझनभर घेण्यापेक्षा टिकाऊ दोन घेणं पाण्याच्याही हिताचं आणि पाकिटाच्याही.

शेवटी एक मागणं, आई म्हणून आणि अर्धवेळ का होईना, वर्गावर जाणारी बाई म्हणून. टेरिकॉटच्या गणवेशात 67 टक्के पॉलिएस्टर आणि 33 टक्के सूत हे नेहमीचं मिश्रण. मार्च-एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालच्या वर्गात बसलेली मुलं पाहिली की वाटतं, इस्त्री न लागण्याची सोय आपली, पण घाम त्यांचा. पुढच्या पालकसभेत कोणी तरी उठून विचारा, गणवेशाचं कापड ठरवताना सुताचं प्रमाण वाढवता येईल का? एकटीनं विचारलं तर हसतील. दहा जणींनी विचारलं तर लिहून घेतील.

तुमच्याकडे काय ठरलं ते जरूर कळवा हं.