औषधाच्या नावाखाली गांजा नको



‘गांजा आता औषधी पीक झाले, उसाच्या सरीत चार रोपे लावा,’ असे सांगणाऱ्या दलालाला बांधावरूनच परत पाठवा. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने लागवडीच्या परवान्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला आहे. उत्तराखंडाने २०१८ साली कमी नशेच्या, धाग्याच्या भांगेला परवाना दिला. तो आपल्या रानात चालत नाही. विनापरवाना लागवडीस १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या जमिनीत दुसऱ्याने लावलेले ठाऊक असूनही कळवले नाही, तरी शिक्षा आहेच.

वेदना शमवणारे औषध पाप नव्हे. पण ते परवान्यानेच बनावे, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. दलाल निघून जातो, उताऱ्यावर नाव असणारा तुरुंगात जातो. जमीन ही देवाची ठेव. लेकरांना उजळ माथ्याने दाखवता येईल तेच पेरा.