वास्ते शिजवताना झाकण नको



पाऊस चांगला लागला की साकोली-सानगडीकडच्या बाजारांत वास्ते दिसू लागतात. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. गोव्यात त्यांना किल्ल म्हणतात, छत्तीसगडात करील. मणिपुरात ते आंबवून सोइबुम करतात. पावसाळ्यात भाज्यांचे भाव चढतात, तेव्हा मजुरीवर चालणाऱ्या घराला वास्त्यांचा मोठा आधार होतो. पण चवीआधी आज आम्हाला थोडे निराळे सांगायचे आहे.

भाजी उकडलेले पाणी फेकू नये, त्यात सत्त्व जाते, असे आपण नेहमी म्हणतो. वास्ते मात्र याला अपवाद आहेत. कच्च्या वास्त्यांत टॅक्सिफायलिन नावाचे कडू द्रव्य असते. कोंब चिरला की त्यातून हायड्रोजन सायनाइड हे विष सुटते. घाबरण्याचे कारण नाही. हे विष पाण्यात उतरते आणि उकळताना वाफेबरोबर निघून जाते. म्हणून वास्त्यांचे पाणी फेकायचे आणि गंजावर झाकण ठेवायचे नाही. गॅस वाचवण्यासाठी कच्चे वास्ते थेट कुकरमध्ये लावू नयेत. त्यात वाफ कोंडते आणि तेच पाणी भाजीत राहते.

रीत अशी. वरची कुसळांची सालपटे काढावीत. नखाने सहज तुटेल तेवढाच कोवळा भाग घ्यावा, त्याच्या पातळ चकत्या कराव्यात आणि रात्रभर पाण्यात भिजवाव्यात. सकाळी ते पाणी फेकून नव्या पाण्यात वीस मिनिटे खळखळ उकळावे. हेही पाणी फेकून पुन्हा एकदा तसेच उकळावे. चकती चाखून कडू लागली तर आणखी एक पाणी बदलावे. चकत्या जितक्या पातळ, तितके काम लवकर होते आणि सरपणही वाचते.

आता प्रकार.

सुकी भाजी : तेलात मोहरी, लसूण, कांदा परतून हळद, तिखट घालावे. उकडलेले वास्ते पिळून त्यात टाकावेत. उतरवताना भाजलेल्या जवसाची पूड भुरभुरावी. भाकरीबरोबर छान लागते.

डाळ-वास्ते : चण्याची डाळ दोन तास भिजवून शिजवावी. फोडणीत टमाटर घालून डाळ आणि उकडलेले वास्ते एकत्र करावेत. भातावर घ्यायला हा रस्सा चांगला. डाळीमुळे मुलांच्या पोटात प्रथिनेही जातात.

सुकट-वास्ते : सुकट भाजून, धुऊन कांद्यावर परतावी, मग उकडलेले वास्ते घालावेत. मीठ शेवटी चाखूनच टाकावे.

वडे : भिजवलेली चण्याची डाळ भरड वाटावी. त्यात बारीक चिरलेले उकडलेले वास्ते, हिरवी मिरची, सांभार, मीठ घालून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी भाजावेत.

वाळवण : उकडलेल्या चकत्या कडक ऊन पडेल तेव्हा खडखडीत वाळवून डब्यात भराव्यात. वापरताना भिजवून ते पाणीही फेकावे.

थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी वास्ते रोज खाऊ नयेत, कारण ते शरीरातील आयोडीनच्या कामात अडथळा आणतात. घरात आयोडीनयुक्त मीठच वापरावे. वास्ते खाल्ल्यावर डोकेदुखी, चक्कर, उलटी किंवा दम लागणे असे काही झाले तर घरगुती उपायात वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठावा.

शेवटी एक विनंती. एका बेटातले सगळे कोंब तोडू नका. आजचा कोंब एकाच पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो आणि तीनेक वर्षांत कापणीला येतो. त्याच बांबूवर बुरड बांधवांच्या सुपाटोपल्या चालतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला, आणि गाव स्वतःचा बांबू विकू लागले. अभयारण्यात मात्र कोंब तोडण्यास मनाई आहे. ग्रामसभेने ठरवून दिलेल्या जागेतून किंवा आपल्या बांधावरच्या बेटातून घ्यावेत, आणि जाड, जोमदार कोंब वाढू द्यावेत. त्यातून आज ताटात भाजी येईल आणि तीन वर्षांनी कुणाच्या तरी हाताला कामही मिळेल.