मोठी एसयूव्ही : नवी की वापरलेली?

तीन रांगांच्या मोठ्या एसयूव्ही दोन घराण्यांत मोडतात. एका घराण्याचा सांगाडा ट्रकसारखा असतो: खाली पोलादी शिडी, म्हणजे लॅडर फ्रेम, आणि तिच्यावर बोल्टने बसवलेली बॉडी. टोयोटा फॉर्च्युनर, फोर्ड एंडेव्हर, एमजी ग्लॉस्टर, महिंद्राची अल्टुरास जी-४ आणि स्कॉर्पिओ-एन या त्या घराण्यातल्या. दुसऱ्या घराण्यात शिडीच नसते, बॉडी हाच सांगाडा. त्याला मोनोकॉक म्हणतात. स्कोडा कोडियाक, एक्सयूव्ही ७००, २०२१ साली आलेली टाटा सफारी आणि जीप मेरिडियन या दुसऱ्या घरातल्या. गिऱ्हाईक आधी नवी की जुनी हे विचारते. पण त्याचे उत्तर ही विभागणी झाल्यावरच देता येते, कारण दोन्ही घराणी वेगवेगळ्या तऱ्हेने म्हातारी होतात. फ्रेमच्या गाडीचे बुश, लोअर आर्म, शॉक ॲब्सॉर्बर झिजतात आणि बदलले की गाडी पुन्हा घट्ट होते. मात्र अपघातात शिडी वाकली असेल, तर ती सरळ केल्याच्या कितीही शपथा घेतल्या तरी टायर एका बाजूने खाल्ले जातातच. मोनोकॉकमध्ये तोच मार एप्रन, पिलर आणि चेसिस लेगमध्ये जिरतो. तिथे कंपनीच्या स्पॉट वेल्डऐवजी हाताचे वेल्डिंग दिसले, तर रंग कितीही चकचकीत असला तरी गाडीची मूळ ताकद गेलेली असते.

दुसरी तपासणी गाडीची नव्हे, घराची असते. सात आसनांची मागणी करणाऱ्या कुटुंबात तिसऱ्या रांगेत नेमके कोण बसणार, हे बहुधा कुणी विचारत नाही. फ्रेमच्या गाडीची फरशी उंच असल्यामुळे मागे बसणाऱ्याचे गुडघे छातीशी येतात. दहा वर्षांच्या मुलाला ते चालते, सत्तरीच्या आजीला नाही. फॉर्च्युनरची तिसरी रांग दुमडून दोन्ही बाजूंना टांगावी लागते, तर एंडेव्हरची फरशीत सपाट झोपते. तुळजापूरला जाणाऱ्या सात माणसांच्या सात बॅगा ठेवताना हा फरक कळतो. तिन्ही रांगा भरल्या की यांपैकी कोणत्याही गाडीत मागे फारशी जागा उरत नाही, आणि टपावरच्या कॅरियरवर चढवलेले वजन १२० च्या वेगात जाणवते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मागच्या एसीची परीक्षा सकाळी शोरूमच्या सावलीत होत नसते. मे महिन्यात भर दुपारी तासभर उन्हात उभी केलेली गाडी सुरू करून तिसऱ्या रांगेत दहा मिनिटे बसणे, हीच खरी परीक्षा.

गाडी कुठल्या रस्त्यावर धावणार, हेही छत्रपती संभाजीनगर शहरात वेगळेच ठरते. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ७०१ किलोमीटरचा हा काँक्रीटचा रस्ता सावंगी आणि माळीवाड्यापाशी शहराला भिडतो. मुंबई-नागपूरचा सरळ प्रवास ही आता नित्याची गोष्ट झाली आहे. ताशी १२० किलोमीटरने तासन् तास जाणाऱ्या कुटुंबाला मोनोकॉक अधिक शांत आणि स्थिर वाटते; कन्नडचा औट्रम घाट, काळ्या मातीचे शेतरस्ते आणि पावसाळ्यातले ओढे हा ज्याचा रोजचा मार्ग, त्याला फ्रेमची गाडी पुरते. दोन्ही कामांना एकच गाडी हवी, असे म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांना वर्षातले किती दिवस खरोखर मातीत जातात, हे मोजायला सांगितले तर उत्तर बहुतेक वेळा बोटांवर मावते.

शहराजवळच्या शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यात २००१ मध्ये ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली. पुढे कोडियाक आणि ऑडीच्या एसयूव्हीही तिथेच जुळवल्या गेल्या. जुलै २०२४ मध्ये टोयोटाने बिडकीन परिसरासाठी सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार राज्य सरकारशी केला. यावरून गावची गाडी म्हणजे स्वस्त गाडी, असा समज शहरात रुजला आहे. तो बरोबर नाही. शेंद्र्यात जुळणाऱ्या मोठ्या गाड्यांचे भाग सुट्या संचातून बाहेरून येतात. कारखाना वीस किलोमीटरवर असल्याने हेडलाइटची किंमत एक रुपयानेही कमी होत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये याच शहरातल्या दीडशे ग्राहकांनी एकाच दिवशी सुमारे ६५ कोटींच्या दीडशे मर्सिडीज घेतल्या, त्याचे कौतुक देशभर झाले. त्या खेपेच्या गाड्यांना आता १५ वर्षे झाली आहेत, म्हणजे ज्या अजून रस्त्यावर आहेत त्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण आले. जुन्या महागड्या गाडीची किंमत कुणी द्यायची, याचा धडा त्यांच्या सुट्या भागांच्या बिलांत आहे.

किमतीचा हिशेब कराने सुरू होतो. चार मीटरहून लांब, १५०० सीसीहून मोठे इंजिन आणि १७० मिलिमीटर किंवा अधिक ग्राउंड क्लिअरन्स असलेल्या गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस होता. त्या दिवसापासून सेस गेला आणि सरसकट ४० टक्के आले. कारखान्याची १०० रुपयांची गाडी १५० वरून १४० वर आली, म्हणजे पावणेसात टक्क्यांच्या आसपास उतरली. फॉर्च्युनरच्या किमतीत ३ लाख ४९ हजार रुपयांपर्यंत कपात केल्याचे कंपनीने जाहीर केले. ज्या व्यावसायिकांच्या दारात त्या आठवड्यात जुना माल उभा होता, त्यांच्या हातचा नफा त्यात गेला. जुन्या गाडीचा भाव मूळ बिलावरून काढायची सवय इथेच अंगाशी येते. तो आज नवी गाडी काय भावाने मिळते, त्यावरूनच काढावा लागतो.

नव्या गाडीवर महाराष्ट्रात एकरकमी मोटार वाहन कर लागतो. वैयक्तिक नावावर २० लाखांवरील पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५ टक्के, आणि कंपनीच्या नावावर थेट २० टक्के. ४० लाखांच्या डिझेल गाडीवर व्यक्तीचे ६ लाख जातात, कंपनीचे ८ लाख. वाळूज आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या पुष्कळ मोठ्या गाड्या कंपनीच्या नावावर असतात. विकताना जादा भरलेले दोन लाख कुणी देत नाही, म्हणून घेणाऱ्याच्या दृष्टीने ती गाडी स्वस्त पडते. उलट विकणाऱ्या कंपनीला जीएसटीचा फटका बसतो. समजा, ४० लाखांना घेतलेल्या गाडीवर कंपनीने तीन वर्षे १५ टक्क्यांनी घसारा घेतला, तर वहीतली किंमत २४ लाख ५६ हजार ५०० रुपये राहते. ती २९ लाखांना विकली तर फरक ४ लाख ४३ हजार ५०० चा, आणि त्यावर १८ टक्क्यांनी ७९ हजार ८३० रुपये कर. हा आकडा आधी न मांडल्यामुळे ठरलेले सौदे शेवटच्या दिवशी फिसकटतात. खासगी व्यक्तीने स्वतःची गाडी विकली तर जीएसटी नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याला खरेदी आणि विक्री किमतीतल्या फरकावर १८ टक्के लागतो. फरक उणे असेल तर कर नाही, पण डेंटिंग-पेंटिंगवर घातलेला पैसा खरेदी किमतीत मिळवता येत नाही.

विम्याच्या आयडीव्हीचे, म्हणजे विमाकृत किमतीचे, कोष्टक साऱ्या गाड्यांना एकाच मापाने मोजते: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. बाजार असा समान चालत नाही. फॉर्च्युनर कोष्टकाच्या वरच राहते, म्हणून तीन वर्षांची फॉर्च्युनर आणि नवी मोनोकॉक गाडी अनेकदा एकाच रकमेत समोरासमोर उभ्या राहतात. तिथे जुनी फॉर्च्युनर हा बहुतेक कुटुंबांसाठी चुकीचा सौदा आहे. तिची किंमत विश्वासार्हतेपेक्षा गावातल्या रुबाबाची असते. उलट एंडेव्हर. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली आणि चांगल्या गाडीचा भाव पडला. ३.२ लिटरचे पाच सिलिंडरचे इंजिन किंवा २०२० पासूनचा दहा गियरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली स्वच्छ एंडेव्हर अजूनही पैशाला भारी आहे, पण ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे आणि भागासाठी आठवडाभर थांबायची तयारी आहे, त्याच्यासाठीच. अल्टुरासचेही तसेच.

नवी गाडी त्याला शोभते जो वर्षाला २० ते २५ हजार किलोमीटर चालवतो आणि ती दहा वर्षे ठेवणार आहे. आठ-दहा हजारांच्या आत चालवणाऱ्याने तीन ते पाच वर्षांची गाडी घ्यावी. मात्र १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत एक मेख आहे. तिच्या डीपीएफ फिल्टरमध्ये साचलेली काजळी जाळायला वीसेक मिनिटे सलग वेगाने चालणे लागते. सिडको ते क्रांती चौक एवढाच फेरा करणाऱ्या गाडीचा फिल्टर तुंबत जातो. अशा गिऱ्हाइकाला पेट्रोलच सांगावे, मग ते कितीही कुरकुरले तरी.

वापरलेल्या गाडीची तपासणी थंड इंजिनावर सुरू होते. गाडी आधीच गरम करून ठेवलेली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. ऑईलचे झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन पाहण्याची जुनी रीत ठीक आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. स्कॅनर लावून इंजेक्टरचे करेक्शन, डीपीएफमधील काजळीचे प्रमाण आणि शेवटच्या रिजनरेशननंतरचे अंतर पाहिले पाहिजे. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवले आणि ते काळे निघाले, तर फिल्टर फुटलेला आहे किंवा कापून काढलेला आहे; धडधाकट डीपीएफच्या गाडीत बोट जवळपास स्वच्छ निघते. मीटर मागे घेतलेले असेल तर ते एका जागी लपवता येते, सगळीकडे नाही: सर्व्हिसच्या नोंदी, ब्रेक पेडलचे रबर, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड आणि फास्टॅगचे जुने स्टेटमेंट यांचा मेळ घातला की खरा आकडा जवळपास हाती येतो. कोडियाकच्या डिझेल इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, तो आणि डीएसजी गिअरबॉक्सचे ऑईल बदलल्याची पावती नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करावा.

टायरची बाजू सर्वांत दुर्लक्षित. कमी चाललेल्या गाडीची नक्षी शाबूत असते आणि रबर मेलेले असते. बाजूवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. असा टायर समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर सात माणसांसह चढवणे म्हणजे अपघाताला बोलावणे. पाचही टायर बदलायचे ठरले तर तो खर्च सौद्यात आधीच धरावा, कारण नंतर गिऱ्हाईक तो करत नाही. चाचणीसाठी घाट हवाच. ऑटोमॅटिक गाडी चढावर खालच्या गियरला आणून तापमानाचा काटा पाहावा, उतारावर ब्रेक थरथरतो का ते पाहावे. फोर-बाय-फोर मात्र कोरड्या काँक्रीटवर लावून वळवू नये, त्याने ट्रान्स्फर केस ताणली जाते. ती चाचणी मातीतच घ्यावी.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात महापूर आला. पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन, सीट कव्हर बदलून बाजारात येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी गाळाची रेघ आहे का ते पाहावे, कार्पेटखालची फोम दाबावी, सीटच्या रुळांवर गंज शोधावा, फ्यूज बॉक्समधल्या हिरवट पिना पाहाव्यात. मोठी गाडी उंच असते म्हणून तिला पाणी लागले नसेल, हा तर्क चुकीचा आहे. उंच गाडीच चालकाला ओढ्यात घालण्याचा मोह पाडते. दुसरा संशयित माल दिल्लीकडचा. तिथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर आलेल्या बंदीमुळे मोठ्या गाड्या स्वस्तात इकडे आल्या. त्यातल्या काही खरोखर चांगल्या आहेत. पण एनओसी, इथला कर आणि एमएच २० पासिंग यांचा हिशेब केल्यावर स्वस्ताईतला बराच भाग विरघळतो.

कागदपत्रांत बोजा आधी पाहावा. बँकेचे कर्ज फिटले आणि आरसीवरचा बोजा उतरला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी फॉर्म ३५ लागतो. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, म्हणून तो किमतीत धरता येत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का, आणि ई-चलने थकली आहेत का, हे सौद्याआधी पाहावे. आरसीवर औरंगाबाद आणि विम्यावर छत्रपती संभाजीनगर असले तरी गोंधळायचे कारण नाही, चेसिस नंबर मात्र अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे.

१ एप्रिल २०२३ पासून वापरलेल्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन खात्याचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये नोंदवली की तिची जबाबदारी व्यापाऱ्यावर येते. सह्या केलेले कोरे टीटीओ, म्हणजे मालकी हस्तांतराचे, फॉर्म घेऊन गाडी चार हातांतून फिरवण्याची रीत अजूनही आहे. मधल्या काळात अपघात झाला, तर नोटीस मूळ मालकाच्या दारात येते. फास्टॅगही त्याच्याच बँक खात्याला जोडलेला असतो. डिलिव्हरीच्या दिवशी तो काचेवरून काढून बंद करायचा असतो, आणि हे काम बहुतेक वेळा राहून जाते.