गाडी कंपनीची आहे

गेल्या पावसाळ्यात आमच्या विभागातल्या एका स्टेशनावरच्या सफाई कामगारांच्या थकबाकीसाठी मी त्यांच्या कंत्राटदाराच्या ऑफिसात गेलो होतो. कंत्राटदाराचे नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रकरण आता मजूर आयुक्तांपुढे आहे. बेचाळीस कामगार, त्यांतल्या एकतीस बायका. प्रत्येकीचे किमान वेतनातल्या फरकाचे १८,४०० रुपये बाकी. म्हणजे एकूण ७ लाख ७२ हजार ८०० रुपये. दोन तास बोलणे झाले. चहा दोनदा झाला. शेवटी साहेबांनी हात वर केले, “सेक्रेटरीसाहेब, पैसे असते तर मी अडवले असते का? धंद्यात काही उरतच नाही. परवडत नाही हो.”

बाहेर आलो तर पाऊस धो धो. दारात लांबलचक काळी मर्सिडीज उभी. साहेब भला माणूस, म्हणाले, “बसा, स्टेशनवर सोडतो.” युनियनच्या माणसाने मालकाच्या गाडीत बसू नये, हे मला माहीत आहे. पण गुडघ्याचे दुखणे आणि पाऊस यांपुढे मी नमलो, हे येथे कबूल करतो. बसता बसता विचारले, “साहेब, कितीची गाडी?” ते हसले आणि म्हणाले, “अहो, माझी कुठली? गाडी कंपनीची आहे.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. या लेखाचा विषय तेवढाच आहे.

प्रथम गाडीबद्दल खरे ते सांगतो, कारण न पाहता शिव्या घालणे ही आपल्या चळवळीतली एक खोड आहे. मी सी अँड डब्ल्यूचा माणूस, डब्याखाली झोपून स्प्रिंगा आणि ब्रेक पाहण्यात उमेद गेली. गाडी कशी चालते हे मला पाठीला कळते. ही गाडी उत्तम चालत होती. स्टेशन रोडचे खड्डे म्हणजे काय चीज आहे हे आमच्या रिक्षावाल्यांना विचारा. पण आत हबका जाणवत नव्हता, दार लावले की पावसाचा आवाज बंद. मागच्या सीटवर पाय पसरता येत होते. याचेही कारण आहे. या ई-क्लास गाडीची भारतात विकली जाणारी आवृत्ती लांब केलेली आहे. दोन चाकांमधले अंतर ३,०९४ मिलिमीटर, नेहमीच्या आवृत्तीत ते २,९६१. म्हणजे तेरा सेंटिमीटर जास्त, आणि ते सगळेच्या सगळे मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांसाठी. चालवणाऱ्याला त्यातले बोटभरही नाही. चाकणला आपल्याच कामगारांनी जुळवलेली ही गाडी ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिची शोरूम किंमत ७८ लाख ५० हजारांपासून सुरू होत होती.

आता ही किंमत वाजवी की गैरवाजवी? सभेत आपण लगेच गुणाकार करतो. सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून ठरवलेले किमान मूळ वेतन १८,००० रुपये. त्या हिशेबाने ही गाडी म्हणजे ४३६ महिन्यांचे मूळ वेतन, छत्तीस वर्षे आणि वर काही महिने. चोविसाव्या वर्षी भरती झालेला ट्रॅकमन साठाव्या वर्षी हार-तुरे घेऊन घरी जातो, तेव्हा त्याची छत्तीस वर्षे भरतात. टाळ्या पडतात. पण मालकाकडे याचे उत्तर तयार असते: माझे पैसे, माझी हौस, तुम्ही कोण विचारणारे? आणि पैसे खरोखर त्याचे असतील, कर भरून उरलेले असतील, तर या उत्तरावर मला फारसे बोलता येत नाही. लग्नात ऐपतीबाहेर खर्च करणारे आपल्यातही आहेत.

या किमतीतला मोठा वाटा सरकारकडे जातो, हेही सांगितले पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत अशा गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि २० टक्के उपकर होता. त्या दिवसापासून सरसकट ४० टक्के झाला. म्हणजे चैनीच्या गाडीवरचा कर आठ टक्क्यांनी उतरला. त्याच दिवशी लहान गाड्यांचाही उतरला, सायकलचाही उतरला, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मग बाकीच्या पैशांत मिळते काय? सुरक्षितता, असे विक्रेते सांगतात, आणि ते पूर्ण खोटे नाही. चाके न अडकता ब्रेक लागण्याची एबीएस यंत्रणा १९७८ साली याच कंपनीच्या मोठ्या गाडीत प्रथम आली. एअरबॅगही तिच्यातच दोन-तीन वर्षांनी आली. तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आपल्याकडच्या साध्या गाडीत ती कशी आली? शोरूममधून झिरपत झिरपत आली नाही. सरकारने एप्रिल २०१९ पासून एबीएस आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची केली, तेव्हा आली. एकेचाळीस वर्षे लागली. आणि सर्वांत जास्त जीव वाचवणारी वस्तू, तीन ठिकाणी अडकणारा पट्टा, तो तर व्होल्वोचे इंजिनिअर निल्स बोलिन यांनी १९५९ साली केला आणि कंपनीने त्याचे पेटंट सगळ्यांना खुले ठेवले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले सहप्रवासी मृत्युमुखी पडले, तेही महागड्या गाडीतच होते. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलीस तपासात पुढे आले. मृत्यूबद्दल बोलताना कोणी मालक नसतो, कोणी कामगार नसतो. पण जी वस्तू अगदी स्वस्त गाडीतही असते, तिची जागा ७८ लाखांची गाडी घेऊ शकत नाही, एवढे त्यातून कळते.

येथे मला आमच्या डब्यांची आठवण येते. १९५५ साली पेरांबूरची कोच फॅक्टरी सुरू झाली तेव्हापासून आपण जे डबे चालवले, ते स्विस तंत्राचे होते. त्यांच्या दोऱ्या-साखळ्या, स्क्रू कपलिंग, सगळे मी हाताने केले आहे; अपघातात हे डबे एकमेकांवर चढत. पुढे रेल्वेने जर्मनीच्या लिंके-हॉफमन-बुश कंपनीचे डबे तंत्रासकट घेतले, ते आपले एलएचबी. कपूरथळ्याच्या कामगारांनी ते बनवायला शिकून घेतले. २०१८ च्या जानेवारीत पेरांबूरहून जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा बाहेर पडला. या डब्याचे कपलिंग असे आहे की डबा डब्यावर सहसा चढत नाही, आणि त्याची बोगी गचके खाऊन टाकते. पहिल्यांदा ते राजधानी-शताब्दीला लागले, साहेबलोकांना. आज जनरल डबाही एलएचबीचा असतो. त्यात चौघांच्या बाकावर सहा-सात जण दाटीने बसतात, संडासाच्या दारात माणूस बसलेला असतो, हे मी काही लपवत नाही. पण त्यांच्या खाली जी बोगी आहे ती राजधानीच्या खाली असते त्याच घराण्यातली आहे. हाही जर्मन माल, तीही जर्मन गाडी. एक डबा कोटींच्या घरात जातो, मान्य. पण तो रोज शेकडो माणसे वाहतो आणि तीस-तीस वर्षे वाहतो. त्या काळ्या गाडीत त्या दिवशी मी आगंतुक बसलो नसतो, तर एकच माणूस होता. आणि चालक.

त्या चालकाशीही बोललो. साहेब मध्येच बँकेत उतरले होते. पोरगा सावद्याकडचा, पंचविशीतला. म्हणाला, “भाऊ, सकाळी आठला येतो, रात्री दहाला सुटी. सोळा हजार देता.” पगारचिठ्ठी आहे का विचारले, तर नुसता हसला. मग हळूच म्हणाला, “गाडीचं एक टायर बदललं ना मागच्या महिन्यात, त्यात माझा पगार गेला असता.”

आता त्या वाक्याकडे येतो. ‘गाडी कंपनीची आहे’ याचा अर्थ काय? आमच्या ऑफिसातल्या एका निवृत्त अकाउंट्सवाल्या मित्राकडून मी हे दोन संध्याकाळी समजून घेतले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. मला कळले, म्हणजे कोणालाही कळेल.

गाडी कंपनीच्या नावावर घेतली की तिचा घसारा कंपनीच्या खर्चात धरता येतो. आयकरात मोटारीला दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा मिळतो. साडेअठ्ठ्याहत्तर लाखांवर पहिल्या वर्षी तो पावणेबारा लाखांच्या आसपास होतो. कंपनी २२ टक्क्यांच्या दराने कर भरत असेल, तर अधिभार धरून तेवढ्यावर तीन लाखांच्या जवळपास कर वाचतो. शिवाय पेट्रोल, विमा, कर्जाचे व्याज, त्या पोराचे सोळा हजार, हे सगळे खर्चात. जीएसटीचा परतावा अशा गाडीवर मिळत नाही आणि महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला नोंदणीचा करही जास्त पडतो, हे खरे. तरी मंडळी कंपनीच्याच नावावर घेतात, त्या अर्थी ते परवडत असणार. २०१९ च्या ऑगस्टपासून २०२० च्या मार्चपर्यंत घेतलेल्या गाड्यांना तर सरकारने घसारा दुप्पट, ३० टक्के केला होता. कारण काय, तर मोटारींचा खप पडला होता.

पुढची गंमत ऐका. कंपनीची गाडी साहेब घरच्या कामालाही वापरतात. तो त्यांना पगाराशिवाय मिळालेला लाभ, त्यावर त्यांनी वैयक्तिक कर भरावा, हे बरोबर. तो लाभ मोजायचा कसा? २००९ साली ठरले: इंजिन १.६ लिटरपेक्षा मोठे असेल तर महिना २,४०० रुपये, चालक असेल तर आणखी ९००. पुढे दीड दशकाहून अधिक काळ आकडा तोच राहिला. गाडी बारा लाखांची आहे की ऐंशी लाखांची, हे नियम विचारत नाही. तो फक्त इंजिन विचारतो. त्या काळात इनोव्हा असो की मर्सिडीज, ३,३०० रुपयेच धरले जात. आणि आमच्याकडे? २०२० साली रात्रपाळी भत्त्याला ४३,६०० मूळ वेतनाची मर्यादा घातली गेली. त्याच्या वर मूळ वेतन गेलेला माणूस रात्रभर जागला तरी भत्त्याला अपात्र. म्हणजे जागरणाला मर्यादा आहे, मर्सिडीजला नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे, जे आपल्या बऱ्याच शाखांना माहीत नसते. १९६५ च्या बोनस कायद्यात बोनससाठीची शिल्लक काढताना नफ्यातून आयकराप्रमाणे मिळणारा घसारा आधी वजा होत असे. वेतन संहितेनेही तीच पद्धत ठेवली आहे. रेल्वेचा बोनस उत्पादकतेशी जोडलेला, त्याला हे लागू नाही. पण खाजगी कारखान्यात ८.३३ टक्क्यांच्या वर एक टक्का मागायला तुम्ही बसता, तेव्हा त्या ताळेबंदात ‘मोटारींचा घसारा’ अशी एक ओळ असते. ती ओळ कोणी वाचतो का? आमच्या कंत्राटदाराच्या बाबतीत मी मित्राकडून हिशेब करून घेतला. एका वर्षाच्या एका गाडीच्या घसाऱ्याएवढी रक्कम जर असती, तर बेचाळीस जणांची सगळी थकबाकी फिटून चार लाख शिल्लक उरले असते. घसारा म्हणजे रोख पैसा नव्हे, असे साहेबांचा सी.ए. मला समजावून सांगेल. पण गाडी घेताना दिलेला पैसा रोखच होता.

तेव्हा किंमत वाजवी आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की ज्याने स्वतःच्या खिशातून भरली त्याने ते ठरवावे. जिथे किंमत खजिना भरतो, भागधारक भरतो आणि बोनसच्या रूपाने कामगार भरतो, तिथे ठरवण्याचा हक्क एकट्या मागच्या सीटवरच्या माणसाचा नाही.

यावर उपाय नवा शोधायचा नाही. १ एप्रिल १९६७ पासून फेब्रुवारी १९७५ अखेरपर्यंत घेतलेल्या मोटारींना आयकर कायद्यात २५,००० रुपयांची मर्यादा होती. त्याच्या वरची किंमत घसाऱ्यासाठी धरलीच जात नसे. पर्यटकांना भाड्याने देण्याच्या गाड्या वगळल्या होत्या, ते योग्यच. ऑस्ट्रेलियात अशी मर्यादा आजही आहे, दरवर्षी आकडा जाहीर होतो. आपल्याकडे तीच तरतूद आजच्या किमतींना धरून परत आणावी. कामाला गाडी लागते, कोणी नाही म्हणत नाही. पंधरा-वीस लाखांत उत्तम गाडी येते. त्यावरची हौस मालकाने कर भरलेल्या पैशांतून करावी.

फेडरेशनच्या पुढच्या अधिवेशनात असा ठराव मांडावा अशी माझी सूचना आहे. तोवर खाजगी आणि कंत्राटी क्षेत्रातल्या शाखांनी एवढे करावे: बोनसच्या बोलणीला जाताना ताळेबंद मागून घ्यावा, मोटारींच्या घसाऱ्याची ओळ काढून ठेवावी आणि ती माहिती फेडरेशनच्या कार्यालयाकडे पाठवावी.

आमच्या बेचाळीस जणांना आतापर्यंत निम्मी रक्कम मिळाली आहे, ती दोन हप्त्यांत. मागच्या तारखेला कंत्राटदाराच्या वतीने वकील आले होते. ते म्हणाले, साहेबांना यायचे होते, पण गाडी सर्व्हिसिंगला गेली आहे. मी म्हटले, भुसावळहून रोज पुष्कळ गाड्या सुटतात.