देव वर, उपाहारगृह खाली. वारस मात्र परदेशी

कोलकात्याच्या टिरेटा बाजारात लाल विटांची एक जुनी इमारत उभी आहे. लोक तिला ‘तुंग ऑन चर्च’ म्हणतात. पण ख्रिस्ती धर्माशी तिचा काडीचाही संबंध नाही. वरच्या मजल्यावर क्वान ती या चिनी देवतेचे मंदिर, तर खाली एकेकाळी गाजलेले ‘नानकिंग’ उपाहारगृह, अशी तिची रचना. नानकिंगला टाळे लागून अनेक दशके लोटली. देव तेवढे राहिले.

चिनी स्थलांतरितांनी बांधलेल्या अशा वास्तू केवळ देवळे कधीच नव्हत्या. एकाच जिल्ह्यातून आलेल्यांची ती मंडळे होती. नवख्याला निवारा, कामाची ओळख, गावी धाडायचे पत्र आणि अखेरीस अंत्यसंस्कार, या सर्वांची सोय तेथे होई. कोकणातून मुंबईत आलेल्या चाकरमान्यांना गावकीच्या खोलीचा जो आधार होता, तोच हा. मुंबईत माझगावला १९१९ मध्ये उभे राहिलेले ‘सी यूप’ मंदिर याच परंपरेतले. ‘सी यूप’ म्हणजे ग्वांगडोंग प्रांतातील चार तालुके. कोलकात्यातही याच नावाचे मंदिर आहे.

या वास्तूंचे रूप पालटले ते १९६२ च्या युद्धानंतर. भारत संरक्षण कायद्याखाली सुमारे ३ हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. त्यांत येथेच जन्मलेलेही होते. काहींची सुटका होण्यास कित्येक वर्षे लागली. सुटून आलेल्यांपैकी अनेकांना घर-दुकान परत मिळाले नाही. मग कॅनडाची वाट धरली गेली. इमारती राहिल्या, त्यांचा वापर करणारे गेले.

वापर बदलला की वास्तू संपते, असे मात्र नाही. टांगरा भागात चिनी कुटुंबांच्या चर्मशाळा होत्या. प्रदूषणामुळे त्या बंताला येथे हलविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. त्यानंतर चर्मोद्योग ओसरला आणि उपाहारगृहांनी टांगराला नवी ओळख दिली. व्यवसाय बदलला, तरी तो समाजाच्या हाती राहिला. वस्ती त्यामुळेच तगली.

मंदिरांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. विश्वस्त मंडळाला नवे सभासद मिळाले नाहीत, तर मोक्याच्या जागेवर बिल्डरचे लक्ष जाणारच. वारसा वास्तूचा दर्जा पाडकाम रोखू शकतो; दिवा लावायला माणूस आणू शकत नाही. नुसते संग्रहालय केले तर वास्तू वाचेल, पण मंडळ संपेल. म्हणून तुंग ऑनचा जुना नमुनाच विचारात घेण्याजोगा आहे. खाली कमाई देणारा, सर्वांना खुला व्यवहार आणि वर पूजा. कारभार मात्र समाजाच्याच हाती. १९६२ मध्ये ज्यांना परके ठरविले, त्यांच्या वास्तूंबाबत निदान हा निर्णय तरी त्यांना विचारून व्हावा.